उपरण्याखालचं इंग्रजी

काष्टीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारी सुरय्या तांबोळी म्हणजे एकदा डोक्यात काही शिरलं की घोड्यावर बसलेली बाई. इंग्रजी बोलायच्या सरावासाठी नवी लॅब मिळाली तेव्हा तिनं शिपायाची वाटही पाहिली नाही, स्वतःच्या ओढणीनं सगळे स्क्रीन पुसले.

पण पोरं बोलतील तर शपथ! परीक्षेत पानंच्या पानं लिहिणारी ही बी.ए.ची मंडळी, कॅमेरा चालू झाला की माना खाली. चुकलं तर शेजारचा हसेल, ही एकच धास्ती. त्यात प्राचार्या धनश्री मॅडमनी बजावलं, “महिनाअखेर मी स्वतः ऐकायला येणार. मुलं बोलली नाहीत, तर लॅब कॉमर्सला देऊन टाकू.” पुण्यात पहिल्या मुलाखतीला सुरय्या स्वतः अशीच मुकी बसली होती. तो अपमान तिला या पोरांच्या वाट्याला येऊ द्यायचा नव्हता.

शनिवारी ती बाजारात अब्बांचा डबा घेऊन गेली. अब्बा, म्हणजे पीरमहंमद, शेळ्यांचे जुने व्यापारी. उपरण्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरून, बोटं दाबत त्यांचा सौदा चालला होता. भाव त्या दोघांनाच कळणार, भोवतीच्या बघ्यांना नाही. जन्मभर पाहिलेली गोष्ट, पण तिनं आज पहिल्यांदाच विचारलं, “असं झाकून कशाला करता, अब्बा?”

“चारचौघांत कमी बोलायची लाज वाटती मानसाला. झाकल्यालं असलं की बिनघोर बोलतो. न्हाई पटलं तर हात सोडायचा, कुनाला कळत बी न्हाई.”

सुरय्या डबा तिथंच टाकून पळाली.

सोमवारपासून कॅमेरे बंद, नावंही बंद. हेडफोन लावायचे, टोपणनाव घ्यायचं, फक्त आवाजानं बोलायचं. ‘चिंच’ नावाच्या कुणीतरी प्रश्न विचारला, ‘ट्रॅक्टर’नं उत्तर दिलं, आणि मग काय, पोरं सुटलीच! चुका रग्गड, पण कुणाच्या ते कळेना, त्यामुळे हसायचं तरी कुणाला? सुरय्याचे पाय जमिनीवर ठरेनात.

ठरल्या दिवशी धनश्री मॅडम आल्या नि म्हणाल्या, “ते हेडफोन काढा. उभं राहून समोर बोला.”

पुन्हा सगळ्यांच्या माना खाली. सुरय्यानं कपाळावर हात मारला. झाकून बोलायला शिकवलं, पण उपरणं बाजूला करायचं राहूनच गेलं की!

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची ज्ञानेश्वरी उठली. हजेरीलासुद्धा कुजबुजणारी, पण काष्टीच्या बाजारातले सौदे बघत वाढलेली पोर. तिनं गळ्यातला स्कार्फ काढला, प्राचार्यांच्या हातावर पसरला आणि आपला हात खाली सरकवला.

“मॅडम, सेल अस धिस रूम!”

आवाज ऐकला नि सगळे ओरडले, “चिंच!”

प्राचार्या क्षणभर गोंधळल्या, मग हसल्या. “व्हॉट विल यू गिव्ह?”

“वुई विल टॉक. एव्हरी डे!”

“नॉट इनफ.”

“वुई विल टॉक टू यू आल्सो!” मागून ट्रॅक्टर गरजला. मग एकेक जण उठून बोली वाढवू लागला, चुकत, हसत, सगळ्यांच्या देखत. ज्ञानेश्वरीनं स्कार्फखाली बोटं दाबली.

“डन!” प्राचार्या म्हणाल्या.

सुरय्यानं व्हरांड्यात धावत येऊन फोन लावला. आनंदानं तिचे डोळे भरून आले होते.

“अब्बा, सौदा पटला!”

“कितीला गं?”

“ते कुनाला सांगत्यात व्हय?”