उत्तरेच्या खिडकीतलं ऊन

सूर्याला जाब विचारायचा अधिकार या भूतलावर फक्त आपल्यालाच आहे, असं मानणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. घरात त्यांना सगळेच दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मूळचे साताऱ्याकडचे. वाशीला आले ते बाजारात एका नातेवाइकाच्या गाळ्यावर बसायला, आणि रमले ते खिडक्यांच्या काचांना फिल्म लावायच्या धंद्यात. फिल्म म्हणजे काचेला आतून चिकटवायचा एक पातळ पापुद्रा. तो उजेड आत येऊ देतो आणि उष्णता बरीचशी बाहेर अडवतो. ही व्याख्या माझी. दादा व्याख्येच्या भानगडीत पडत नाहीत. ते पिशवीतून एक जाडजूड दिवा काढतात, मिळेल तिथे त्याची पिन खुपसतात, तुमचा हात धरून दिव्यापुढे नेतात आणि तुम्ही 'आई गं' म्हणालात की मध्ये फिल्मची पट्टी धरून विचारतात, "आता?" आमच्याकडच्या सत्यनारायणाला त्यांनी हा प्रयोग थेट गुरुजींवर केला आणि अख्ख्या मजल्याची वीज घालवली. अंधारात त्यांचा आवाज आला, "पन फरक कळला का न्हाई, गुरुजी?"

कुणाच्याही घरी गेले की ते आधी बसत नाहीत. खिडकीपाशी जातात आणि लेकराचा ताप बघावा तसा काचेला हाताचा उलटा पंजा लावतात. भाच्यासाठी मुलगी बघायला आम्ही पनवेलला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, आणि दादांनी मुलीच्या वडिलांना पहिला प्रश्न विचारला, "पोरीची खोली पश्चिमेला दिली? भाजून निघत असंल की ती!" वडील गोरेमोरे झाले. मुलगीच म्हणाली, "म्हणून तर लग्न करून निघायचंय." दादांनी तिथल्या तिथे सोयरीक पक्की करून टाकली; भाच्याला विचारायचं राहून गेलं. रस्त्याने चालतानाही त्यांची मान वर. कुठल्या ऑफिसाच्या खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलंय, कुठे फ्रिजचं खोकं, कुठे जुनं कॅलेंडर, हे बघून ते आत कोण बसत असेल याचा अंदाज बांधतात. "तिथं पडदा न्हाई, लग्नाची पत्रिका लावलीया. नवीन लागलेला माणूस दिसतोय. साहेबाला सांगायला लाजतोय."

आणि कामाचा अंदाज द्यायच्या आधी त्या जागेतल्या सगळ्यात वाईट खुर्चीवर अख्खी दुपार बसून काढायची, हा त्यांचा नेम. खुर्चीचा मालक बिचारा दुसरीकडे जाऊन बसतो आणि दादा घाम पुसत ऊन मोजत राहतात. बेलापूरच्या एका ऑफिसात ते इतके दिवस असे बसले की लोक त्यांच्याकडे रजेचे अर्ज घेऊन यायला लागले. त्यांनीही एकदोन मंजूर केले म्हणे.

अशा माणसाला मी आमच्या इमारतीत आणलं, त्याला कारण होतं. वाशीला माझं जहाजावरून आलेल्या मालाच्या क्लिअरिंगचं छोटंसं ऑफिस आहे. इमारत सगळी काचेची. वरचे मजले एका मोठ्या कंपनीने भाड्याने घेतलेले. त्या कंपनीने एक दिवस कळवलं की इमारतीला हरित प्रमाणपत्र मिळवा, नाहीतर आम्ही ऐरोलीला जातो. वीज किती वाचते, दिवसाउजेडी दिवे न लावता काम होतं का, आत बसणाऱ्याला बरं वाटतं का, असं सगळं बघून हे प्रमाणपत्र देतात. कंपनी गेली असती तर लिफ्टपासून एसीपर्यंत सगळा भार आमच्यासारख्या छोट्यांवर पडला असता आणि निम्म्या लोकांना गाळे विकावे लागले असते. काचा बदलणं परवडणारं नव्हतं. मी इमारतीच्या कमिटीवर होतो. मी दादांचं नाव सुचवलं.

आमचे चेअरमन कांद्याचे घाऊक व्यापारी. ते म्हणाले, "टेन्शन कशाला? काळी फिल्म मारून टाका सगळीकडे."

"मारतो की," दादा म्हणाले. "मंग भर दुपारी दिवे लावून बसा. एसीत वाचवलेलं दिव्यात घालवा."

प्रमाणपत्राचं काम बघणारी सल्लागार मुलगी लॅपटॉपमागून हसली आणि तिने मान डोलावली. ठरलं असं, की पूर्व, पश्चिम, दक्षिण या तीन बाजूंना उजेड सोडणारी फिल्म लावायची. "उत्तरेला काय बी नको," दादांनी निकाल दिला. "मे-जूनचे दिवस सोडले तर उत्तरेला ऊन येतच न्हाई."

हे ते माझ्या ऑफिसात चहा पिताना पुन्हा एकदा सांगत होते, तेव्हा आमच्या अकाउंटच्या बाई उठून उभ्या राहिल्या. बाई करावे गावच्या, बोलायला फटकळ. त्यांचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी, आणि थंडीच्या दिवसांत त्या दुपारी टेबलावर छत्री उघडून बसत. मी दुपारी बहुतेक बंदरावर असतो. मला वाटे, एसीचा झोत लागत असेल.

"येत नाय?" बाई म्हणाल्या. "इथं बसून बघा ना जरा. मना काय हौस हाय छत्री उघरायची?"

दादा हसले आणि छत्री मिटून त्यांच्या खुर्चीत बसले. जानेवारी महिना होता. जेवणं झाली, थोडा वेळ गेला, आणि उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत आलं. आधी टेबलावर, मग हातावर, मग थेट दादांच्या डोळ्यांत. चूक निघाल्यावर माणसं तोंड पाडतात. दादा खुर्चीतून उडाले. "चुकलो! दाजी, चुकलो ओ मी!" असं लॉटरी लागल्यासारखं ओरडत त्यांनी बाईंना नमस्कार केला. मग कपाळावर हात धरून ते खिडकीबाहेर बघायला लागले. रस्त्यापलीकडची उंच इमारत स्टीलच्या ताटासारखी झळकत होती. दक्षिणेचं ऊन तिच्या काचांवर आपटून आमच्याकडे परतत होतं.

दादांनी कपाळावरचा हात खाली घेतला. म्हणाले, "ती काच माझी हाय."

त्या इमारतीला आरशासारखी चकाकणारी फिल्म काही वर्षांपूर्वी त्यांनीच लावली होती. तिलाही तेच प्रमाणपत्र होतं, आणि त्या कामाचा दादांना फार अभिमान. मी हळूच म्हटलं, "दादा, हे कमिटीत कशाला बोलायचं? उत्तरेलाही फिल्म लागेल एवढंच सांगा."

"आन् ऊन कुठनं आलं ते?"

ते त्यांनी कमिटीत स्वतःच सांगितलं. चेअरमन मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे तिकडून ऊन तुम्हीच पाठवायचं आणि इकडे फिल्मही तुम्हीच विकायची? भारी धंदा आहे, दादा!" सगळे हसले. दादा हसले नाहीत, आणि काम अडकलं. दुसऱ्या कुणाला तरी द्यावं असं दोघातिघांनी मला ऐकवलंही. सल्लागार मुलगी मात्र म्हणाली की तिच्या हिशेबात समोरची इमारत नुसता ठोकळा होती, चकाकी तिने धरलीच नव्हती. "काका, ही फिल्म ऊन कुठे कुठे फेकते ते मला दाखवाल?"

मग ती, दादा आणि मी भर दुपारी त्या उन्हाचा माग काढत हिंडलो. ते फुटपाथवर पडलं होतं. एका झाडाची त्या इमारतीकडची तेवढीच बाजू करपवली होती. शहाळेवाला गाडी पुढे ढकलत होता, दादांनी का म्हणून विचारलं तर म्हणाला, "इधर दो सूरज है, साब. एक से बचो तो दूसरा पकडता है." दादांनी शहाळं घेतलं आणि हातात धरून तसेच उभे राहिले. "मी म्हनायचो, ऊन भायेर घालवलं. भायेर म्हंजी कुठं, ते कधी इचारलंच न्हाई."

समोरच्या इमारतीच्या मॅनेजरने आधी त्यांना उडवून लावलं. "आमच्याकडे थंड आहे, आम्हाला काय करायचंय?" दादांनी वाद घातला नाही. ते रोज जाऊन त्याच्या केबिनबाहेर बसायला लागले, आणि कंटाळून एका दुपारी तो त्यांच्याबरोबर आमच्याकडे आला. बाईंनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, छत्री काढून घेतली आणि चहा मागवला. चहा यायच्या आत तो डोळे चोळत उठला. "हे आमचं ऊन?"

"तुमचं न्हाई ओ, माझं," दादा म्हणाले.

त्याच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांची फिल्म जुनी झालीच होती. ती बदलताना बिनचकाकीची घ्यायचं त्याने कबूल केलं, आणि पाळलं. आमच्या उत्तरेच्या खिडक्यांनाही, साबणाचं पाणी मारून, रबरी पट्टीने एकेक बुडबुडा काढत, दादांनी स्वतः हलकी फिल्म लावली. प्रमाणपत्र आलं, कंपनी राहिली, चेअरमननी पेढे वाटले. बाईंनी छत्री घरी नेली. वर तक्रार केलीच, "आता चायची येल झाली ती समजतच नाय!"

त्यानंतर दादांनी चकाकणारी फिल्म विकायचं बंद केलं. गिऱ्हाइकांना तर तीच हवी असते. इमारत दुरून झळकली पाहिजे. दादा त्यांना समोर काय काय आहे ते विचारत बसतात. शेजारी कोण, झाड कुठलं, फुटपाथवर कोण बसतं. गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे जातं. धंदा आटत गेला. वाशीचं दुकान सोडून ते पनवेलजवळ करंजाड्याला राहायला गेले.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. चौथा मजला, पश्चिमेची मोठी खिडकी, समोर मोकळं मैदान. संध्याकाळचं ऊन हॉल भरून स्वयंपाकघरापर्यंत गेलं होतं आणि वहिनी डोळ्यांवर पदर धरून भाजी निवडत होत्या. काचेला फिल्म नव्हती. मी विचारलं तेव्हा दादा म्हणाले, "येऊ दे की. ह्ये कुनाच्या काचंवरनं आलेलं न्हाई."

मग त्यांनी खाली बोट दाखवलं. मैदानाच्या कडेला पत्रे ठोकले होते आणि आत खड्ड्यातून सळया वर आल्या होत्या. मोठी इमारत होणार होती, ऑफिसांची.

"ती उभी ऱ्हायली की ह्ये बी जाईल," ते म्हणाले. "तवर बसा." आणि दिवाणावर जरा सरकून त्यांनी मला उन्हात जागा करून दिली.