बारा इंची, दहा इंची आणि साचेकाका

वाचकहो, जरा सावरून बसा. एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करायची आहे. गिरण्यांच्या संपानंतरच्या काळात लालबाग-परळमधला सर्वांत तयार कान एका ठार बहिऱ्या माणसाकडे होता. माझ्याकडे रेडिओ-दुरुस्तीचा डिप्लोमा होता, दुकानावर पाटी होती, दोन्ही कान शाबूत होते. तरी गिटारवाले जायचे ते त्याच्याकडेच.

त्यांना सगळे साचेकाका म्हणत. बावीस वर्षं गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग चालवले. त्या खडखडाटात कान गेले आणि समोरच्याचे ओठ वाचायची सवय लागली. संप लांबला, गिरणी उघडलीच नाही, तेव्हा काकांनी चिंचपोकळीला माझ्या समोरच्याच गाळ्यात स्पीकरचे खोके बनवायला घेतले. जागा तरी दुसरी शोधायची!

आवाज ते हाताने ऐकत. फळीवर तळवा टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "खालचा सूर सैल आहे." गिऱ्हाईक वाजवून बघायचं, तर खरंच सैल! साच्यात बिघाड झाला की तो लाकडातून हाताला आधी कळायचा, म्हणे. मीही दार लावून घेऊन महिनाभर फळ्यांवर हात ठेवून पाहिले. हातात एक कुसळ गेलं, बाकी काही कळलं नाही.

त्यांची खरी करामत म्हणजे एकाच खोक्यात बारा इंची आणि दहा इंची स्पीकर. बाराचा आवाज भरदार, दहाचा टोकदार. दोन्ही मिळून गिटार अशी बोलायची की बास. मी म्हटलं, "काका, जोडी सारख्या मापाची असावी, पुस्तकात तसं आहे." माझे ओठ वाचून ते हसले. "मेल्या इंजिनिरा, तुझी बायको तुझ्या मापाची आहे काय?" मग आतली आडवी फळी दाखवत म्हणाले, "मोठ्याचा वारा धाकट्याच्या पाठीत लागतो. एका खोलीत दोन बिऱ्हाडं, तर मधे पार्टिशन नको?"

फ्रान्सिस हा दादरच्या एका ऑर्केस्ट्राचा गिटारवाला, माझं जुनं गिऱ्हाईक. तोही समोर काकांकडे गेला, तेव्हा माझी झोप उडाली. त्याचा खोका एकदा हँडल बदलायला माझ्याकडे आला. मी तो उघडला, मापं घेतली आणि हुबेहूब तसाच खोका बनवला; पार्टिशनसकट. फ्रान्सिसला म्हटलं, "हॉलवर लावून बघ. नाही आवडला तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

दुपारी हॉलवर तालीम सुरू झाली. फ्रान्सिसने जाड तार छेडली आणि खोक्यातून डबक्यातल्या बेडकाचाही निघणार नाही इतका पातळ आवाज आला.

"काय रे, ह्याला ताप आलाय काय?" फ्रान्सिस म्हणाला. सगळा ऑर्केस्ट्रा फिदीफिदी हसला.

आणि नेमके काका दुसऱ्या कोणाचा खोका पोचवायला तिथे हजर! पुढे आले, जाळी काढली, एक तळवा बाराच्या कागदी पडद्यावर, दुसरा दहाच्या पडद्यावर. "वाजव रे." क्षणभर थांबून म्हणाले, "दोघं भांडतायत. एक बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो. एकमेकाचं खातायत." डिप्लोमावाल्याने दहा इंचीच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या! काकांनी माझ्याच हत्याराने त्या सोडवल्या, अदलाबदल करून कथिलाचा डाग दिला. पुन्हा तार छेडली, तर खुर्च्या थरथरल्या.

"कोणाचा खोका हा?" ऑर्केस्ट्राच्या मालकांनी विचारलं.

"इंजिनिराचा," काका म्हणाले. "मी नुसता हात लावला."

फ्रान्सिस परत माझा झाला. पण मी घरी जेवलो नाही. हरवलं असतं तर चाललं असतं. त्या माणसाने मला जिंकवलं होतं. त्या दिवसापासून मी जास्तच जळू लागलो. प्रत्येक नवा खोका त्यांना दाखवायचा म्हणून चारदा तपासायचो, आणि माझे खोके चांगले होत गेले, हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.

पुढे काकांनी गाळा सोडला आणि मालवणकडच्या गावी निघाले. टॅक्सीवर ट्रंका चढल्या. गिटारवाले रडत होते. मी मात्र आनंदाने निरोप द्यायचा ठरवून आलो होतो. वाक्यही पाठ केलं होतं: "सुखाने जा." काकांनी माझा हात हातात घेतला, आणि भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, माझ्या तोंडून निघालं:

"अहो काका, तुम्ही गेलात तर मी आता जळू कोणावर?"