फुकट जन्मलेला भाऊ

माझ्या नणंदेविषयी मी चांगलं बोलते, याचं आमच्या गल्लीत सगळ्यांना नवल वाटतं. नणंद-भावजयींनी एकमेकींची उणीदुणी काढायची, अशी जगाची रीत. आम्हा दोघींना ती संधीच मिळाली नाही. घरातलं भांडण माझ्या नवऱ्याने आणि त्याच्या बहिणीने आधीच करून ठेवलं होतं. दोघं सख्खी भावंडं, एकाच गावात राहणारी. दवाखान्यामागच्या रस्त्याने निघाली तर ओतलेला चहा निवायच्या आत एकमेकांच्या घरी पोहोचतील. पण दोन वर्षं झाली, बोलत नाहीत.

ताई गावच्या दवाखान्यात नवजात बाळांच्या खोलीत काम करतात. दिवस भरायच्या आधी जन्मलेली मुलं तिथे काचेच्या पेटीत ठेवतात. पेटीच्या गोल भोकांतून हात आत घालण्याआधी ताई ते धुतात, चोळून चोळून ऊन करतात आणि मग बाळाशी अहो-जाहो करत बोलतात. "अहो साहेब, दूध ओढा. असं रुसून कसं चालेल?" बाळाच्या आईला मात्र सरळ दम. "रडायचं तर बाहेर जाऊन रड. इथे माणसं झोपलीत." सगळं गाव त्यांना पेटीताई म्हणतं.

या नोकरीचं मूळ माझा नवराच आहे. तो सातव्या महिन्यात जन्मला, याच दवाखान्यात. ताई तेव्हा शाळकरी. वडिलांनी त्यांना उचलून काचेतून भाऊ दाखवला.

"हा आपला?"

"आपलाच."

"मग आत का ठेवलाय?"

"बाहेर अजून थंडी वाजते त्याला."

वडील सुतार, हातावर पोट. दवाखान्याने पैसे मागितले नाहीत; मागितले असते तर मला दुसरा नवरा शोधावा लागला असता. "माझं लेकरू फुकट वाचलं," असं सासूबाई येईल त्याला सांगायच्या. त्या लवकर गेल्या आणि भावाला ताईंनीच वाढवलं. लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणतात, "एक मूल वाढवून झालं. हौस फिटली."

आणि मूल तरी कसलं, सातमाशाच तो. धीर म्हणून नाही. चहा गाळायच्या आधी कप पुढे. सिमेंटचं दुकान काढलं, ते नीट चालायला लागायच्या आत निवडणुकीला उभा राहिला. ताई त्याच्यासाठी दारोदार फिरल्या. ज्या ज्या घरातलं मूल त्यांच्या हाताखालून गेलं होतं, त्या घराने मत दिलं आणि आमचा सातमाशा नगरपालिकेत जाऊन बसला.

दवाखाना नगरपालिकेचा. उपचार सगळ्यांना सारखे, पैसे न घेता, खर्च घरपट्टीतून. तो भागेना, म्हणून ठराव निघाला. यापुढे खिडकीवर फी घ्यायची, गरिबीचा दाखला आणेल त्याला माफ. मांडणार माझाच नवरा. मग काय, रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात दोघांची जुंपायची.

"ताई, छत गळतंय. डॉक्टर टिकत नाहीत. तुझ्या पेट्या माझ्या वयाच्या झाल्यात. पैसा आणायचा कुठून?"

"मोठ्या दुकानांची पट्टी वाढवा."

"म्हणजे पुढच्या वेळी मी घरी बसू."

"बस की. आणि दाखला मिळेपर्यंत सातव्या महिन्यातलं मूल थांबतं का रे? तू थांबला होतास?"

तेव्हा अशी भांडून हसायचीसुद्धा. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटायचं, आणि तसं म्हटलं की दोघंही माझ्यावर तुटून पडायची.

पुढे जाहीर सभा झाली. भाषणाच्या भरात हा म्हणाला, "फुकट मिळालं की लोकांना किंमत राहत नाही." मागच्या रांगेतून ताई उठल्या, कामावरून तशाच आलेल्या. म्हणाल्या, "तूसुद्धा इथेच फुकट जन्मलास."

पैसे न देता जन्मलास, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. सभागृहाने घ्यायचा तो अर्थ घेतला. लोक पोट धरधरून हसले. "घ्या, सख्ख्या बहिणीने दाखला दिला," असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा तर अध्यक्षसुद्धा हसले. त्या हशात ठराव पुढे ढकलला गेला. हा घरी आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला. "माझा जन्म फुकट गेला म्हणाली ती," तो म्हणाला. "भरल्या सभेत."

तेव्हापासून मी या घराची टपालवाली. ताईंचा निरोप यायचा, "सांग त्याला, पैसे न घेता असं म्हणायचं होतं." याचं उत्तर, "मग मोफत म्हणायचं." त्यावर ताई, "मोफत पाटीवर लिहितात. आईच्या तोंडी फुकटच होतं." त्यावर हा, "आई मला मांडीवर घेऊन म्हणायची." यापुढे टपाल जाईना.

शेवटी मीच ताईंना म्हटलं, "जाऊ द्या ना. तो एक शब्द परत घ्या, आणि या घरी."

त्या टेबलावरची दुधाची बाटली पुसू लागल्या. "शब्द एकच आहे गं, अर्थ दोन आहेत. एक तेवढा परत कसा घेऊ? मी माफी मागितली की उद्या सांगतील, पेटीताईनेही फी मान्य केली. ठराव चुटकीसरशी पास होईल."

हट्टी बाई. मला राग आला होता, अजूनही येतो. पण काम सुटल्यावर त्या सरळ वाटेने घरी न जाता आमच्या गल्लीतून जातात, पलीकडच्या कडेने, हे मला माहीत आहे. त्यांना माहेर म्हणावं तर हेच घर. एकदा गच्चीवरून पाहिलं. दिव्याच्या खांबापाशी थांबून त्या आमच्या खिडकीकडे बघत होत्या. मी धावत खाली येऊन याला सांगितलं. हा पडद्याआडच उभा होता. "बघितलं मी," म्हणाला, आणि जागचा हलला नाही. भेटल्यावर ताई मला काय काय विचारतात. खोकला गेला का? चहा अजून कढतच पितो? जीभ भाजली तर सांगतो का, की तसाच गप्प बसतो?

यंदा ठराव पुन्हा आला. प्रेक्षकांच्या बाकावर मी ताईंच्या शेजारी बसले, याच्या पक्षाच्या बायकांना काय म्हणायचं ते म्हणोत. याच्या आधी बोलले त्या सगळ्यांनी "फुकट, फुकट" असा धोशा लावला होता. दर वेळी कोणीतरी आमच्याकडे वळून हसायचं. ताईंची मान खाली.

मग हा उठला. छत, डॉक्टर, पेट्या, सगळं तेच. पण म्हणत होता "मोफत". "मोफत सेवा किती दिवस परवडेल?" एकदा "फु" असं अर्धं तोंडातून निघालंच. थांबला. पाणी प्यायला. म्हणाला, "मोफत." कोणाच्या लक्षात आलं नाही. ताईंनी माझा हात धरला तो इतका घट्ट, की बांगडी रुतली.

मतदान झालं. हात वर झाले, त्यात याचाही होता. ठराव पास झाला.

पायऱ्या उतरताना ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हरलो ना गं?"

"हरलो."

"पण त्याने तो शब्द टाकला."

"शब्द टाकला, हात मात्र वर केला," मी तडकून म्हणाले.

"हात त्याच्या मताचा आहे. त्याच्याशी मी भांडेन. शब्द माझ्यासाठी टाकला त्याने."

त्या दिवशी जेवताना हा मला विचारतो, "ती काय म्हणाली?" मी म्हटलं, "मी टपाल बंद केलंय. स्वतः जाऊन विचार." उठला, बूट घातले आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन बसला. ज्याला चहा गाळेपर्यंत दम निघत नाही, तो माणूस तिथेच बसून राहिला. नंतर आत आला आणि बूट जागेवर ठेवले.

फीची खिडकी उघडली त्या दिवशी मी ताईंना भेटायला दवाखान्यात गेले. खिडकीसमोर रांग होती. एक पोटुशी बाई पाटी वाचून रांगेबाहेर झाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ताईंनी बाहेर येऊन तिच्या दंडाला धरलं, खिडकीकडे न बघता तिला आत नेऊन बसवलं. मग मला विचारलं, "निघाला होता का तो, माझ्याकडे यायला?"

"पायरीपर्यंत."

ताईंनी नळाखाली हात धुतले आणि चोळून चोळून ऊन करू लागल्या.

"येईल," त्या म्हणाल्या. "एकदा घाई केली त्याने. या वेळी पुरे दिवस घेऊ दे."