कोट बघायला नंदुरबारला

सुनंदा गेली तो मंगळवार होता. सकाळी तिने चहा केला, दुपारी तिला दवाखान्यात नेले, संध्याकाळी मी घरी परतलो.

दिवसकार्य केले नाही. तिचीच तशी इच्छा होती. तिचे भाऊ, माझे मेहुणे भगवानराव नंदुरबारजवळच्या रनाळ्याहून फोनवर म्हणाले, आम्ही सगळे येतो. मी म्हटले, या, पण काही आणू नका. समोरच्याला त्रास नको म्हणून आपण असे म्हणतो. ते आले, बसले, रिकाम्या हाताने परत गेले. मला ते बरे वाटले.

मी रत्नागिरीत राहतो. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, आता निवृत्त आहे. रत्नागिरीत कोट दोन प्रकारची माणसे घालतात, वकील आणि नवरदेव, आणि दोघेही तो शक्य तितक्या लवकर काढतात. मला कोटाची गरज कधी पडली नाही. ती या वर्षी पडली, कारण आमची मुलगी रेवती कॅनडात असते आणि हा हिवाळा मी तिच्याकडे काढावा असे तिने ठरवले.

ती रोज संध्याकाळी कोटांची चित्रे पाठवायची. सोबत लिहायची, "बाबा, तुम्ही अजून आईने घेतलेलेच कपडे घालताय. स्वतःची स्टाइल शोधा. प्रेरणा घ्या." चित्रांतले पुरुष भिंतीला टेकून उभे असत आणि दुसरीकडे बघत असत. थंडीत भिंतीला टेकले तर जास्त थंडी वाजेल, असे मी तिला कळवले.

कपडे सुनंदा घ्यायची हे खरे. दुकानदाराने रंग विचारला की मी डावीकडे बघायचो. तिथे ती असायची आणि रंग सांगायची.

प्रेरणा घ्यायची तर जिथे लोक थंडीत राहतात तिथे जायला हवे. अशा ठिकाणी माझ्या ओळखीचे एकच घर होते, तिचे माहेर. डिसेंबरात मी निघालो. वसईला गाडी बदलली, सुरतेला पुन्हा एकदा बदलली आणि उजाडताना नंदुरबारच्या फलाटावर उतरलो. मी सदऱ्यावर सदरा घातला होता. रेवतीच्या भाषेत याला थर म्हणतात. थरांचा उपयोग स्टेशनच्या दारापर्यंत झाला.

बाहेर एक रिक्षावाला शेकोटीशी बसला होता. त्याने जाकीट पुढचे मागे करून घातले होते. चेन पाठीवर, पाठ छातीवर.

"जाकीट उलटं झालंय का?" मी विचारले.

"उलटं नही, बराबर शे," तो म्हणाला. "वारा पुढून येस, मांगून नही." (वारा पुढून येतो, मागून नाही.) मग त्याने माझ्याकडे खालीवर बघितले. "काका, तुम्ही कोठला शेतस? आठे असं कोनी येस नही." (इथे असं कोणी येत नाही.)

गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरचीच्या पथाऱ्या (मिरची वाळवण्याची मैदाने) होत्या. जमीन दिसत नव्हती, सगळे लाल होते. मी रनाळ्यापर्यंत शिंकत गेलो.

भगवानराव दारात उभे होते. त्यांच्या अंगात कोपरावर विरलेला स्वेटर होता. त्यांच्या पत्नी इंदूताई यांनी चहा दिला आणि सरळ विचारले, "दाजी, हिव (थंडी) नही का तुम्हना कोकणमा?"

"नाही."

"मंग लोके हिवाळामा काय करतस?"

मी येण्याचे कारण सांगितले. भगवानरावांनी ते ऐकून घेतले. मग म्हणाले, "कोट देखना शे ना? धडगावले चला. तठे बजारमा कोट देखशात."

दुसऱ्या दिवशी आम्ही शहाद्याहून सातपुड्यातल्या धडगावची एसटी धरली. घाटात माझ्या बाजूची काच बंद होईना. कंडक्टरने तिला एक बुक्की मारली, तशी ती आणखी खाली गेली. "आता हवा खेळती राहील," तो म्हणाला आणि पुढे गेला. मला रिक्षावाल्याची आठवण झाली. वरचा सदरा काढून मी उलटा घातला. फरक पडतो.

धडगावच्या बाजारात मी जितके कोट पाहिले तितके आयुष्यात पाहिले नव्हते. बायकांनी लुगड्यावर पुरुषांचे ब्लेझर घातले होते. एकीच्या खिशावर कुठल्याशा परदेशी शाळेचे चिन्ह होते आणि खिशात मुळे. तरुणांच्या टोपीवाल्या जाकिटांवर मला न वाचता येणाऱ्या लिपीतली अक्षरे होती. पागोटे बांधलेला एक म्हातारा लुंगीवर गुडघ्यापर्यंतचा काळा कोट घालून कोंबड्यांचा भाव करत होता. तो कशाला टेकलेला नव्हता आणि कोंबडीकडेच बघत होता. त्याच्या कोटाला बाहेर एकही खिसा नव्हता. पैसे तो आतून कुठून तरी काढायचा. रेवतीने पाठवलेल्या सगळ्या चित्रांत असा कोट शोभलेला माणूस नव्हता.

"हा कोट कुठे घेतला?" मी त्याला विचारले. तो तिथल्या पावरी बोलीत काही बोलला. मी भगवानरावांकडे बघितले.

"म्हणतो, इकना नही." (विकायचा नाही.)

कोपऱ्यावर जुन्या कोटांचा ढीग होता. त्यातला एक काळा, लांब कोट मी अंगावर चढवला. शेजारी लसूण विकणाऱ्या दोन बायका एकमेकींच्या खांद्यावर डोके ठेवून हसू लागल्या. मला वाटले कोकणी माणूस बघून हसतात. विक्रेत्याने खुलासा केला.

"काका, वो लेडीज है. बटन देखो." मग गिऱ्हाईक जाईल असे वाटून तो म्हणाला, "पर आपपे अच्छा है."

त्याने आरसा धरला. कोट खरोखर बरा दिसत होता. मी पाकीट काढले. भगवानरावांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ठेवा ते, दाजी."

"बायकांचा आहे म्हणून?"

"नही. तुम्हले लेता येस नही." (तुम्हाला घेता येत नाही.)

त्यांनी मला टपरीवर नेले आणि चहा सांगितला. गावच्या रीतीची मला कल्पना नव्हती असे नाही, पण तिचा माझ्याशी संबंध असेल असे वाटले नव्हते. माणूस गेले की माहेरचे लोक नवे कपडे आणतात आणि मागे राहिलेल्याच्या अंगावर घालतात. याला दुखवटा काढणे म्हणतात. तो काढेपर्यंत त्याने नवे घालायचे नसते, आणि त्यांनीही नसते.

"तुम्ही म्हनात, काही आनू नका," भगवानराव म्हणाले. "मंग आम्ही काय करतूत? दिवाळीले घरमा सूतबी नवं उनं नही." (दिवाळीला घरात नवं सूतही आलं नाही.)

"हा कोट तर जुनाच आहे."

"तुम्हले नवाच ना."

मग त्यांनी चहाच्या ग्लासात बघत उरलेले सांगितले. त्यांची मुलगी कविता हिचे लग्न शहाद्याकडे ठरले आहे. साखरपुडा थांबला आहे. मुलाकडचे दर आठवड्याला फोन करतात. कधी, एवढेच विचारतात, पण आता आवाज बदलला आहे.

हा शोक माझ्या एकट्याचा आहे आणि तो कधी संपवायचा हेही माझ्याकडे आहे, असे मी धरून चाललो होतो. खरे सांगायचे तर मला तो संपवायचाच नव्हता. सुनंदाकडून आलेले तेवढेच अजून चालू होते.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

त्यात विचार करण्यासारखे काय आहे, हे भगवानरावांनी विचारले नाही. त्यांनी चहाचे पैसे दिले.

सकाळी गच्चीवर इंदूताई आणि कविता मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या. मीही बसलो. आमचा एक ढीग खुडून झाला. मग इंदूताई म्हणाल्या, "दाजी, ताईनं दुःख तुम्हले एकलालेच शे का? ती आम्हनी कोनीच नव्हती का?" (ताईचं दुःख तुम्हाला एकट्यालाच आहे का? ती आमची कोणीच नव्हती का?)

"आई, राहू दे," कविता म्हणाली. ती नंदुरबारला कॉलेजात शिकते आणि माझ्याशी पुस्तकातले मराठी बोलते. "फुवा (आत्याचे यजमान), मला काही घाई नाही."

"तिले घाई नही," इंदूताई म्हणाल्या. "पोराले शे."

कविताने आईला देठ फेकून मारला. तिच्या गळ्यातल्या ओढणीचे काठ उसवले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आले. मिरचीमुळे येतेच. इंदूताईंनी तांब्या पुढे सरकवला आणि दुसरीकडे बघितले.

"कोट शिवून घेऊ या," मी म्हणालो.

नंदुरबारला रफिकभाईंचे दुकान आहे. त्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून शिवणकाम चालते. भगवानरावांशी त्यांची शाळेपासूनची ओळख आणि शाळेपासूनचे भांडण.

"कोट?" रफिकभाई मशीन न थांबवता म्हणाले. "आजकाल कोट म्हणजे नवरदेव. नवरदेव कोन शे? हाऊ?" त्यांनी माझ्याकडे बोट केले. "उमर देख ना, भगवान."

"दुखवटाना शे," भगवानराव म्हणाले. "मनी बहीन." (माझी बहीण.)

रफिकभाईंनी मशीन थांबवले. उठून माझ्यासाठी खुर्ची पुसली. "बसा, दाजी."

त्यांनी मापे घेतली आणि विचारले, "रंग?"

मी डावीकडे बघितले. तिथे भगवानराव होते.

"मनाकडे काय देखतस?" ते म्हणाले. (माझ्याकडे काय बघता?)

मी फळ्यांकडे बघत राहिलो. काळे होते, निळे होते, राखाडी पुष्कळ होते. सुनंदाने राखाडी घेतला असता. सर्वांत वर एक गडद हिरवा लोकरी तागा होता.

"तो हिरवा," मी म्हणालो.

दोघांनीही वर बघितले. "हाऊ तर बँडवालास्ना शे," रफिकभाई म्हणाले. लग्नात वाजवणाऱ्या एका बँडने तो मागवला होता आणि नंतर लाल घेतला.

"चांगला आहे ना पण?"

"कपडा तर एक नंबर शे. पन लोके तुम्हले सुपारी देतीन." (वाजवायची सुपारी देतील.)

सुनंदाने तो मला कधीही घेऊ दिला नसता. मी तोच घेतला. गळा रिक्षावाल्याच्या जाकिटासारखा वाऱ्याच्या बाजूने बंद ठेवायला सांगितला, लांबी धडगावच्या म्हाताऱ्याची, आणि खिसे त्याच्यासारखेच आतून. बटणे पुरुषांच्या बाजूला हवीत, असे भगवानरावांनी स्वतंत्रपणे बजावले.

कोट होईपर्यंत आम्ही प्रकाशा या तीर्थाच्या गावी जाऊन आलो. तापीवर धुके होते. घाटावर माणसे गार पाण्यात उतरत होती आणि बाहेर येऊन ओल्या अंगाने देवळांकडे जात होती. तिथून कपड्यांबाबत घेण्यासारखे काही नव्हते. भगवानरावांनी बहिणीच्या नावाने पाणी सोडले. मग त्यांनी माझ्या हातावर पाणी ओतले आणि मीही सोडले.

कोट दुपारी आला, म्हणून दुखवटा दुपारीच काढला. अंगणात पाट मांडला. ऊन डोक्यावर होते. इंदूताईंनी कपाळाला कुंकू लावले. भगवानरावांनी माझ्या एकेका हातात बाही चढवली, लहान मुलाला घालतात तशी, आणि वरपासून खालपर्यंत बटणे लावली. शेवटच्या बटणाला त्यांना वेळ लागला. मग टोपी घातली आणि खांद्यावर टॉवेल ठेवला. रीतीप्रमाणे मला नव्या कपड्यांत मारुतीच्या देवळापर्यंत चालायचे होते. रनाळ्यातून भर उन्हात, कॅनडासाठी शिवलेल्या कोटात, मी चालत गेलो. पारावरून एकाने विचारले, "दाजी, बर्फ पडी ऱ्हायना का?"

"अजून नाही," मी म्हणालो.

पाराने समाधान मानले.

परत आलो तेव्हा इंदूताई नव्या साडीत होत्या. साडीवर घडीच्या खुणा होत्या, दिवाळीच्या आधीपासून ती कपाटात असावी. कविताच्या अंगात पिवळा ड्रेस होता. भगवानरावांच्या शर्टात एक टाचणी राहिली होती आणि ती त्यांना कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मोडताना लागली. "काढा तो कोट आते," ते मला म्हणाले, "नही तर शिजी जाशात." भरीत आणि आमटीतले डुबुकवडे संपायच्या आत शहाद्याला फोन झाला. पलीकडचा आवाज मला ऐकू आला नाही, पण कविता भाकरी टाकून आत पळाली.

साखरपुडा होईपर्यंत मी थांबलो. मग परत सुरत, वसई, रत्नागिरी. वसईला एकाने खरोखर विचारले, कोणता बँड.

रेवतीला फोटो पाठवला. तिने विचारले, "बाबा, रंग कुणी निवडला?"

"मी."

तिचे उत्तर आले, "आईला आवडला नसता."

"हो," मी लिहिले.

कोट दारामागे टांगला आहे. जानेवारीचे तिकीट आले आहे. दुखवटा संपला. सुनंदा नाही.