गोळीचं उद्यापन

व्रताचं उद्यापन करता येतं, गोळीचं येत नाही, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी अकोल्यातल्या एका लग्नात कळलं.

मी अमरावतीत भिक्षुकी करतो. चाळीस वर्षांत एकदा मांडी घातली की विधी संपेपर्यंत मी उठलो नाही (हे वाक्य आता भूतकाळातच वाचावं). गेल्या वर्षी मात्र दर तासाला लघवीला जावं लागू लागलं. जायचं, धार सुरू व्हायची वाट बघत उभं राहायचं, परत यायचं आणि बसतो न बसतो तोच पुन्हा उठायचं. जाताना जानवं कानाला लावायची आमची रीत, त्यामुळे घरात लपवायची सोयच नाही. शेवटी सौ. म्हणाली, "तुमचं जानवं गळ्यात कमी अन् कानावरच जास्त राहून राहिलं. डॉक्टरले दाखवा."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते, वयाबरोबर ती फुगते आणि वाट दाबते, असं त्यांनी कागदावर लिंबू काढून समजावलं. कर्करोगासारखं काही दिसत नाही म्हणाले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दोन गोळ्या लिहून दिल्या. एक वाट सैल करणारी. तिचा गुण लवकर येतो, पण चक्कर येऊ शकते म्हणून सावकाश उठायचं. दुसरी ग्रंथी हळूहळू लहान करणारी. तिला कित्येक महिने लागतात. मनानं बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मी एकवीस दिवस न चुकता गोळ्या घेतल्या. बाविसाव्या दिवशी त्रास बिलकूल नाही! आता आमच्या व्यवसायात एकवीस दिवसांचं अनुष्ठान पुरं झालं आणि फळ मिळालं, की पुढे काय करतात? उद्यापन! मी देवापुढे नारळ फोडला, शिऱ्याचा नैवेद्य दाखवला आणि उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवून दिल्या. सौ.नं शिरा कशाचा विचारलं, तर तिथी चांगली आहे म्हणालो.

पुढे पंधरा दिवसांनी अकोल्याला लग्न लावायला गेलो. मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा. अकराला पूजा सुरू केली आणि पंधरा मिनिटांत खालून निरोप आला. चालू विधीतून उठायचं कसं? मी गंभीर आवाजात सांगितलं, "आता सर्वांनी डोळे मिटून कुलदैवताचं स्मरण करावं." अख्ख्या मंडपानं डोळे मिटले आणि मी धोतर सावरत पळालो. परत आलो तरी कोणी डोळे उघडले नव्हते. कुठल्याही पोथीत नसलेला हा विधी मी पाऊण तासात तीनदा केला. तिसऱ्या वेळी नवरदेवाचे आजोबा एक डोळा उघडा ठेवून बसलेले मला दिसले.

अंतरपाट धरायची वेळ आली तेव्हा चौथ्यांदा गेलो. या वेळी थेंबही येईना. पोट तट्ट फुगलेलं, मुहूर्त डोक्यावर आणि मी भिंतीला हात टेकून उभा. तेव्हा मात्र मी खरंच घाबरलो. आजवर एकही मुहूर्त चुकवला नव्हता. आणि चुकला असता तर कारण काय सांगणार होतो?

तेवढ्यात माईकवर नवरीच्या मावशीनं स्वतः रचलेली मंगलाष्टकं सुरू केली. अशा मावश्यांना मी एरवी दोन कडव्यांत आवरतं घ्यायला लावतो. त्या दिवशी तिनं काका, माम्या, थोरले जावई, सगळे गुंफले. पाचव्या कडव्याला माझी कशीबशी सुटका झाली. बारा वाजून सहा मिनिटांनी मी पाटापाशी हजर होतो. 'सावधान' वेळेवर झालं, अक्षता पडल्या.

लोक हसत होते. मला वाटलं, मावशीच्या काव्याला हसतायत. आजोबा जवळ आले, माझ्या कानावर तसंच राहिलेलं जानवं त्यांनी हळूच उतरवलं आणि म्हणाले, "महाराज, गोळी सोडली काय तुमी? म्या बी सोडली होती. मंग लघवी तुंबली अन् दवाखान्यात नळी लावून पडलो. सोडू नोका."

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. नारळ, शिरा सगळं कबूल केलं. त्यांनी तपासलं आणि तिसऱ्यांदा बजावलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि रोज जेवणानंतर सौ. पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते, गिळेपर्यंत हलत नाही.

आता तीन-तीन तास मला उठावं लागत नाही. पण अकोल्याहून लग्नाचं बोलावणं आलं की सोबत एक अट असते: ते डोळे मिटायचं ठेवा महाराज, लय शांत वाटते. मी ठेवतो. सगळा मंडप डोळे मिटून कुलदैवताचं स्मरण करतो आणि मी बसल्या जागी डॉक्टरांचं.