जाते नाही, येते म्हण

चित्रलेखा देवधर अभिनेत्री होती, लेखिका होती आणि निर्मातीही होती, आणि तिन्हींपैकी एकाही गोष्टीवर तिचं पोट कधी धड भरलं नव्हतं. जन्म कॅनडातल्या हॅमिल्टनचा. वडील पुण्याहून तिथल्या पोलाद कारखान्यात इंजिनिअर म्हणून गेलेले. मुलीने फार्मसी करावी अशी आईवडिलांची इच्छा. मुलगी टोरंटोला जाऊन नाटक शिकली, आणि टीव्हीवर तिला पहिली भूमिका मिळाली ती नेमकी औषधाच्या दुकानातल्या बाईची. आईने ओळखीपाळखीच्या सगळ्यांना जेवायला बोलावून तो भाग दाखवला. चित्रलेखा त्यात बावीस सेकंद होती. ‘चला, हातात औषधाची बाटली तरी आली,’ वडील म्हणाले.

पुढची पंधरा वर्षं अशीच गेली. कधी नर्स, कधी दुभाषी, कधी टॅक्सीवाल्याची विधवा. एका गुन्हेगारी मालिकेत तर बत्तीस भाग ती मुडद्याशेजारी फाइल धरून उभी राहिली आणि ‘येस, डॉक्टर’ म्हणाली. मुडद्याला दरवेळी नवा माणूस असायचा, त्यामुळे ओळखीही बऱ्याच झाल्या. कोणी चांगलं काम देत नाही म्हटल्यावर तिने स्वतःच लिहायला घेतलं. मग लिहिलेलं कोणी उभं करेना म्हणून अजित नावाच्या मित्राबरोबर नाटकमंडळी काढली, हॉल घेतले, पोस्टरं चिकटवली. दोन नाटकं बरी चालली. तिसऱ्याच्या आधी चार दिवस तिला व्हँकुव्हरहून एका मालिकेसाठी फोन आला आणि ती गेली. प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत द्यायला हॉलच्या दारात अजित एकटा उभा राहिला. तिने त्याला पत्र पाठवलं, चांगलं लांबलचक. व्हँकुव्हरहूनही ती अशीच उठली. कुठेही जरा बस्तान बसलं, दूधवाला ओळखायला लागला, की हिच्या अंगात काहीतरी वळवळायला लागायचं. ती त्याला करिअर म्हणायची. आई म्हणायची, कार्टीच्या पायाला भिंगरी आहे.

भिंगरी फिरत फिरत दोन हजार सातमध्ये सिडनीला आली. अर्धे पैसे कॅनडाचे, अर्धे ऑस्ट्रेलियाचे अशी एक मालिका होती आणि तिच्यात हिला प्रथमच नाव-आडनाव असलेली भूमिका होती. तीन भाग झाले आणि मालिका बंद पडली. बाकीचे परत गेले. ही राहिली, कारण परत जायचं म्हणजे हॅमिल्टनच्या तळघरातल्या खोलीत जायचं, आणि वर वडील. सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात मोहन आणि मयूरा या पुणेकर जोडप्याच्या घरामागे छोटा फ्लॅट होता, तो तिने भाड्याने घेतला. मोहन बँकेच्या आयटीत होता. मयूरा सगळ्या गोष्टींत होती.

नोकरी मिळायला वेळ लागला नाही. त्या दिवसांत पॅरामॅटा स्टेशनबाहेर पडलं की दर चार दुकानांमागे एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर कॉलेज उघडलेलं असायचं. खाली फोनकार्डं आणि साड्या, वर कुकरी नाहीतर केस कापायचा डिप्लोमा. पंजाब, हैदराबाद, नेपाळ, नागपूर, सगळीकडची पोरं विमानं भरभरून येत होती. अशाच एका कॉलेजात चित्रलेखा बोलायचं इंग्रजी शिकवायला लागली, आणि कॉलेजनेच तिच्या व्हिसाचे कागद केले. मजा अशी, की पोरांना आपला भारतीय उच्चार घालवायचा होता आणि बाईंना तो हवा होता. ऑडिशनला गेलं की हिचा चेहरा बघून लोक खूश व्हायचे आणि तोंड उघडलं की हिरमुसायचे. ‘जरा आणखी इंडियन बोलता येईल का?’ येत नव्हतं. मग ती वर्गात पोरांना ‘र’ कसा म्हणायचा ते शिकवायची आणि चहाच्या सुट्टीत त्यांचा ‘र’ चोरायची.

यामिनी तिला तिथेच भेटली. नागपूरची, तेवीस वर्षांची, शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, आणि इथे कुकरी शिकत होती, कारण पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, कुकरीवर मिळत होता. त्यासाठी किचनमध्ये नऊशे तास काम केल्याचा कागद लागायचा. कांदा चिरताना ती कॉलेजच्या मालकाची, हॉटेलच्या शेफची आणि आपल्या आईची अशी नक्कल करायची की समोरच्याचा चहा सांडावा. चित्रलेखाने ते पाहिलं आणि चार महिन्यांत नाटक लिहून काढलं. नाव ‘नऊशे तास’. थोडं मराठी, थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, जशी ती पोरं बोलत तसं. मुख्य भूमिका यामिनीची, सोबत आणखी पाच जण. तालमी मंगळवारी आणि शनिवारी मोहनच्या गॅरेजमध्ये. मोहनची गाडी बाहेर उन्हात, आत नाटक, आणि मयूराचे पोहे.

तालीम संपली की चित्रलेखा पिशवी उचलून म्हणायची, “चला, मी जाते.”

“जाते नाही, येते म्हण!” सगळं गॅरेज ओरडायचं.

“बट आय ॲम गोइंग! मी जातेय ना?”

“अगं बाई, जाते म्हणजे कायमची,” मयूरा कपाळाला हात लावायची. “शुभ बोल जरा.”

हॅमिल्टनच्या घरात आई हजारदा ‘येते’ म्हणाली असणार. पण ही जन्मभर दारातून ‘बाय, आई’ म्हणत धावत सुटलेली. मराठीतला निरोप तिच्या तोंडापर्यंत कधी पोचलाच नव्हता. दोन वर्षं झाली तरी पोचला नाही. रोज ‘जाते’, रोज हशा, आणि ही वीस पावलांवरच्या आपल्या फ्लॅटमध्ये जायची.

दोन हजार नऊच्या सप्टेंबरमध्ये एका सोमवारी कॉलेजच्या दाराला कुलूप होतं. काचेवर एक कागद. मालकाचा फोन बंद. पायऱ्यांवर शंभरेक पोरं पाठीला पिशव्या अडकवून बसली होती आणि कोणालाच कोणाकडे बघवत नव्हतं. यामिनीच्या कोर्सचे दोन महिने उरले होते. व्हिसा टिकवायला दुसरं कॉलेज शोधा, पुन्हा फी भरा, नाहीतर घरी जा. चित्रलेखाच्या व्हिसाचं घोडंही अडलं, पण तिच्यामागे कॅनडा होता. यामिनीमागे वडिलांनी गहाण टाकलेलं घर होतं. तरी तालमी थांबल्या नाहीत. “दोन तास तरी डोकं शांत राहतं,” यामिनी म्हणायची. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी पॅरामॅटातला हॉल ठरला होता. मोहनने बँकेत, मयूराने सगळीकडे सांगून ठेवलं होतं.

आणि प्रयोगाला नऊ दिवस उरले असताना टोरंटोहून एजंटचा फोन आला. नवी मालिका, मुख्य मुलीच्या आईची भूमिका, तेरा भाग, सुरुवातीच्या पाट्यांत नाव. सोमवारी सेटवर हजर पाहिजे. चित्रलेखाने हो म्हणायला एक मिनिटही घेतलं नाही. आयुष्यभर ज्या फोनची वाट बघितली तो आला होता, आणि विचार करून सांगते म्हणणारी ती बाईच नव्हती. रविवारचं तिकीट काढलं. रविवारी विमानात बसायचं, सोमवारी सगळ्यांना ईमेल पाठवायची. मजकूरही मनात तयार झाला, चांगला लांबलचक.

शनिवारच्या तालमीला ती नको इतकी प्रेमळ वागली. कोणावर ओरडली नाही. दिवे कधी लावायचे, कधी मालवायचे, ते यामिनीला कागदावर लिहून दिलं. पोह्यांची तारीफ केली. शेवटी पिशवी उचलली, दारात वळली आणि म्हणाली, “चला, येते मी.”

गॅरेजमध्ये टाळ्या पडल्या. मयूराने “जमलं गं बाई एकदाचं!” म्हणून कानशिलावर बोटं मोडली. यामिनी मात्र हसली नाही. ती मागोमाग बाहेर आली आणि कपडे वाळत घालायच्या दांडीपाशी तिला गाठलं.

“कुठे चाललीयेस?”

“फ्लॅटवर.”

“खोटं. दोन वर्षांत एकदा नीट बोलली नाहीस. आज पाठ करून आल्यासारखी बोललीस. पाठ केलेलं वाक्य लगेच कळतं, हे तूच शिकवलंस ना आम्हाला?”

चित्रलेखाने इकडेतिकडे पाहिलं. मोहनचे शर्ट हलत होते. मग तिने सगळं सांगितलं, टोरंटो, तेरा भाग, उद्याचं विमान. यामिनी रडेल, भांडेल असं तिला वाटलं होतं. त्याची उत्तरंही तयार होती.

“मग जा ना,” यामिनी म्हणाली. “मला असा फोन आला असता तर मीपण गेले असते. सीरियसली. फक्त आत जा आणि सगळ्यांना तोंडावर सांग. ईमेल नको. त्या कॉलेजवाल्याने कागद लावला तसं नको.”

चित्रलेखा गॅरेजच्या दारापर्यंत गेली. आत पोरं खुर्च्या गोळा करत होती. एक जण उरलेले पोहे डब्यात भरून घेत होता, त्याचं रात्रीचं जेवण तेच असणार. कोणीतरी तिच्याकडे बघून म्हणालं, “काय राहिलं, लेखा?” इतकी वर्षं परक्यांची वाक्यं म्हणून पोट भरलं, आणि हे एक वाक्य तिच्या तोंडातून निघेना. मग “काही नाही, नो वरीज,” म्हणाली आणि फ्लॅटवर जाऊन टोरंटोला फोन लावला. एजंटने आधी विचारलं, बरं नाही का? मग विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का? मग विचारलंच नाही काही. भूमिका दोन तासांत कॅलगरीच्या एका बाईला गेली. चित्रलेखा तिला ओळखत होती. बरी नटी होती, हेच जास्त लागलं.

पुढचे चार दिवस तिने स्वतःला आणि दुसऱ्यांना सुखाने जगू दिलं नाही. यामिनीचा राग येत होता, पोह्यांचा राग येत होता. सकाळी उठल्या उठल्या ती विमानांच्या वेळा बघायची, जायचं नसताना. भांडी दोनदा घासायची. मंगळवारच्या तालमीत तिने एका पोराला वाक्य विसरला म्हणून इतकं झापलं की मयूरा आतून धावत आली. आपण काय करून बसलो, हे एकच मनात. निदान हे नाटक तरी उभं राहिलं पाहिजे. ते पडलं तर हातात काहीच उरणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता फ्लॅटचं दार वाजलं. यामिनी होती, खोली सोडून आलेली, पाठीला मोठी बॅग.

“तोंडावर सांगायला आलेय,” ती उंबऱ्यातच म्हणाली. “कालगुर्लीला, पार पश्चिमेला, एका मोटेलच्या किचनमध्ये जागा आहे. कूक सोडून गेला. मालक व्हिसाचे पेपर्स करतोय. शनिवारी लंचला उभं राहायचंय. उद्याची फ्लाइट.”

“शनिवारी?”

“मी विचारलं त्याला, सोमवारी येऊ का. म्हणाला, मेट, माझ्याकडे आणखी तिघी रांगेत आहेत.”

“दोन दिवस! यामिनी, दोन दिवस थांबता येत नाही तुला? मी तुझ्यासाठी तिकडे...” चित्रलेखाने वाक्य अर्ध्यातच सोडलं.

“माहितेय मला,” यामिनी म्हणाली. “म्हणून तर आले. फोनवर सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं.”

चित्रलेखाला तिला आत ओढावंसं वाटलं, दारही लावून घ्यावंसं वाटलं. खरं तर तिला वाटलं की पोरीने निदान पाय धरावेत. यामिनी नुसती बॅगेचे पट्टे धरून उभी होती. शेवटी चित्रलेखाने चहा टाकला. दुसऱ्या दिवशी मोहनची गाडी मागून घेऊन तीच यामिनीला विमानतळावर सोडायला गेली आणि वाटेत सगळ्या सिग्नलांना शिव्या देत राहिली.

शनिवारी अडतीस वर्षांच्या चित्रलेखाने एप्रन बांधला आणि तेवीस वर्षांची विद्यार्थिनी म्हणून रंगमंचावर गेली. दुसरं कोण होतं? नाटक तिनेच लिहिलेलं, पण लिहिणं वेगळं आणि पाठ असणं वेगळं. विंगेतून मयूरा वाक्यं पुरवत होती, इतक्या मोठ्यांदा की पहिल्या तीन रांगांना ती दोनदा ऐकायला मिळाली. चोरून आणलेला ‘र’ ऐन वेळी पळाला. रडायच्या जागी लोक हसले. कांदा चिरतानाच्या नकला, ज्यांवर सगळं नाटक उभं होतं, त्या हिच्या तोंडी नुसती माहिती वाटत होती. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी शेजारणीला विचारलं, “ही शिकायला आलीय की मुलीला सोडायला?” ते स्टेजपर्यंत ऐकू आलं. पण पोरं हटली नाहीत, तीही हटली नाही, आणि नाटक लंगडत का होईना शेवटापर्यंत गेलं. ऐंशी-नव्वद लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरच्या कार्याला वाजवतात तशा.

रविवारी सकाळी कालगुर्लीहून फोन आला. मागे भांड्यांचा खणखणाट आणि कोणीतरी अंडी मागत होतं.

“पाचच मिनिटं आहेत,” यामिनी म्हणाली. “कसा झाला गं प्रयोग?”

‘छान झाला’ हे चित्रलेखाच्या जिभेवर होतं. लोकांना असंच सांगतात.

“वाईट झाला,” ती म्हणाली. “तू हवी होतीस.”

पलीकडे भांडी वाजत राहिली. यामिनी रडत होती, बहुतेक बाही तोंडाशी धरून. चित्रलेखाने फोन ठेवला नाही. तिला अजित आठवला, हॉलच्या दारात पैसे परत करणारा, आणि व्हँकुव्हरचे लोक. हे एवढंसं वाक्य त्या सगळ्यांकडे तिच्यासाठी तयार असणार. ऐकून घ्यायला ती कधी थांबलीच नव्हती.