सरासरीत बसलेल्या पेशी

तपासणी केंद्रात त्यांना सगळे काचताई म्हणतात. यंत्र रक्ताचे आकडे मिनिटभरात छापून देतं, पण रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय त्या अहवालावर सही करत नाहीत. मी त्यांना शाळेत शिकवलं; माझ्या वर्गात होत्या तेव्हाही उत्तर पडताळल्याशिवाय वही देत नसत. एकवीस वर्षांत हा नेम एकदाच मोडला, तोही घरच्याच माणसाच्या बाबतीत.

त्यांची धाकटी जाऊ दोन जिने चढली की पायरीवर बसायची, धुणं पिळता पिळता थांबायची. काचताई हसत टोमणा मारायच्या, "आमच्या जाऊबाईंना दमायला कामसुद्धा लागत नाही." शेवटी दिराने तिचं रक्त तपासायला दिलं. रक्त थोडं कमी निघालं, पण तांबड्या पेशींचा आकार यंत्राने अगदी सर्वसाधारण दाखवला. म्हणजे विशेष काही नाही, असं धरून काचताईंनी काच न बघताच सही केली. घरी सांगितलं, जरा हातपाय हलवले की बरं वाटेल.

दीड महिन्याने जाऊ जिन्यातच कोसळली. डॉक्टरांनी पुन्हा रक्त मागवलं. या वेळी काचताईंनी काच पाहिली. निम्म्या पेशी बारक्या आणि फिक्या. प्राणवायू वाहून न्यायला त्यांच्यात पुरेसं रंगद्रव्यच नव्हतं. बाकीच्या वाजवीपेक्षा मोठ्या, लवकर फुटणाऱ्या. लोहही कमी, बी-बाराही कमी. यंत्राने दाखवली होती ती दोन्हींची सरासरी. वर्गातली सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत उंच मुलं एकत्र मोजली तर वर्ग मध्यम उंचीचाच ठरतो, त्यात मध्यम उंचीचं मूल एकही नसलं तरी.

डॉक्टरांनी दोष यंत्राला दिला. दोन दिवस काचताईंनीही सगळ्यांना तसंच समजू दिलं. जाऊला गोळ्या देताना तिच्याकडे बघवेना. तिसऱ्या दिवशी तिच्या उशाशी बसून त्यांनी सांगून टाकलं, "मी तुझी काच पाहिलीच नव्हती. तू आळशी आहेस, हे मी आधीच ठरवलं होतं."

जाऊ बराच वेळ पांघरुणाची कड सरळ करत राहिली. मग म्हणाली, "ताई, मीही तेच ठरवलं होतं. तुम्ही म्हणत होतात ना."

ती रागावली असती, तर काचताईंना सोपं गेलं असतं. त्या उठून दारापर्यंत गेल्या, आणि परत येऊन तिच्याजवळ बसल्या.